घरची मंडळी आणि घरातली मंडळी: घरी सभा भरवायची तर कशाच्या आधी काय

कोपरखैरण्यात आमच्या सिडकोच्या वन बीएचकेत गेली ११ वर्षं दर आठवड्याला ख्रिस्ती प्रार्थनेची सभा असते. पहिली तीन वर्षं आम्ही ती उलट्या क्रमाने भरवली. आधी माणसांना बोलावलं, मग सोफा हलवला, मग कुणीतरी विचारलं म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. घरातल्यांना काय वाटतं ते सगळ्यात शेवटी कळलं, तेही मुलगी दहावीला असताना पुस्तकांची पिशवी घेऊन मैत्रिणीकडे राहायला निघाली तेव्हा.

ऐरोली, कळवा, खारघर इथून ओळखीतले लोक विचारायला येतात, तेव्हा त्यांच्याकडेही हाच क्रम असतो. घरसभा शेजाऱ्यांच्या तक्रारीने बंद पडते असा समज आहे. मी पाहिलेल्या बहुतेक आतून बंद पडल्या. घरची बाई थकते, मुलं खोलीचं दार लावून बसतात, नवरा-बायको नेमके सभेच्याच दिवशी भांडतात, आणि एकदा 'या आठवड्यात नको' असा जो मेसेज जातो तो कायमचाच ठरतो.

आपल्या भाषेत चर्चलाही मंडळी म्हणतात आणि घरातल्या माणसांनाही. शब्द एकच असला तरी दोन्ही मंडळींना एकच खोली, एकच संध्याकाळ आणि एकच बाई पुरत नाही.

खालचे टप्पे ८ ते २० माणसांच्या सभेसाठी आहेत. तुम्ही तिला कॉटेज मीटिंग म्हणा, सेल ग्रुप म्हणा, हाऊस चर्च म्हणा. ठरवल्यापासून पहिल्या सभेपर्यंत सहा आठवडे धरा. हातातला टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

टप्पा १: आधी घरातल्यांना विचारा

जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून सगळ्यांनी बसा. सासू-सासरे असतील तर तेही, आणि सात-आठ वर्षांचं मूलही. बोलायला सुरुवात करताना 'प्रभूने माझ्या मनात घातलंय' हे वाक्य टाळा. ते खरं असेल, पण ते उच्चारल्यावर घरात कुणाला नाही म्हणायची सोय राहत नाही. नाही म्हणणारा देवालाच नाही म्हणतोय असं होऊन बसतं. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा:

१. सभेच्या दिवशी तुझं काय अडेल?
२. घरातली कुठली जागा, कुठली वस्तू बाहेरच्यांनी वापरू नये असं वाटतं?
३. कोण आलेलं तुला नको आहे?
४. पुन्हा कधी विचारू?

तिसरा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा नाही. एकेकट्याला, वेगळं घेऊन. आमच्या मुलीने या प्रश्नाला एका काकांचं नाव घेतलं. ते दर वेळी तिचे मार्क विचारायचे आणि लगेच आपल्या पोराचे सांगायचे. वरवर क्षुल्लक, पण तेवढ्या एका कारणाने तिला सभा नकोशी झाली होती.

उत्तरांचं काय करायचं? नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकाचं जरी 'नाही' आलं तरी सभा घ्यायची नाही. 'सध्या नाही' हेही नाहीच. मुलांचं किंवा सासूबाईंचं नाही आलं तर दिवस, वेळ, जागा बदलून बघा आणि पुन्हा विचारा. बायबलात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, प्रेषित पौलाने मंडळीच्या पुढाऱ्यासाठी हीच अट घातली आहे: ज्याला आपलं घर नीट चालवता येत नाही, त्याने देवाच्या मंडळीकडे बघू नये.

जोडीदार सभेत बसत नसेल, म्हणजे ख्रिस्ती विश्वासात नसेल किंवा वेगळ्या चर्चचा असेल, तर त्याला दोन तास बेडरूममध्ये कोंडू नका. त्याच्या बाहेर असण्याच्या वेळेत सभा ठेवा. ते जमत नसेल तर दुसरं घर शोधा.

आणि मुदत ठरवा. 'बघू, चालेल तोवर' असं म्हणू नका. बारा सभा, बस. बाराव्या सभेची तारीख आजच लिहून ठेवा. मुदत असली की घरातली माणसं बरंच सोसतात.

*तपासा:* दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारा, 'काल काय ठरलं?' तिघांची तीन उत्तरं आली तर अजून ठरलेलं नाही.

टप्पा २: दार कधी बंद ते आधी लिहा

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि दोन रंगांची पेनं घ्या. सभेच्या तारखा नंतर. आधी लाल पेनाने बंद दिवस भरा: घरातल्यांचे वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, नाईट शिफ्टचे आठवडे, मे महिन्यातली गावची फेरी, आणि महिन्यातली एक पूर्ण संध्याकाळ काहीही कारण नसताना. घरात दहावी-बारावी असेल तर जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत सभा दुसऱ्याच्या घरी. यावर चर्चा नाही.

यानंतर घरची रोजची प्रार्थना. दहा-पंधरा मिनिटांचीच असते, पण सभा सुरू झाली की पहिली तीच गळते. 'कालच तर झाली की सभा' म्हणून. मग मुलांनी आई-बाबांची प्रार्थना ऐकायची ती फक्त पाहुण्यांसमोर, मोठ्या आवाजातली. घरची प्रार्थना लाल पेनाने रोज मांडा. सभेच्या दिवशीसुद्धा, भले पाच मिनिटं, फक्त घरच्यांची.

उरलेल्या जागेत निळ्या पेनाने सभा. वेळ निवडताना इथल्या गाड्यांचा विचार करा. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ या पट्ट्यात असतो, आणि हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक लागला की ठाण्याहून नेरूळला येणारा माणूस अर्ध्या सभेला पोचतो. शिवाय सकाळी चर्च आणि दुपारी घरी सभा असा रविवार केला तर विश्रांतीचा दिवस उरतच नाही. मधल्या वारी ठेवायची तर ऐरोली-महापेच्या कंपन्यांतून सुटणारी माणसं पावणेआठच्या आधी येत नाहीत, आणि नऊ वाजता लहान मुलांची झोपेची वेळ होते. आम्ही सगळं करून बघितलं. शनिवारी संध्याकाळी साडेसहावर येऊन थांबलो.

सुरू होण्याची वेळ सगळेच ठरवतात, संपण्याची फार थोडे. ७५ मिनिटं सभा, २० मिनिटं चहा. निरोपाच्या मेसेजमध्ये दोन्ही वेळा लिहा: 'साडेसहा ते आठ पाच'. बायबलात त्रोवस गावची गोष्ट आहे: पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला उठवलं. आपल्याकडे तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या भरपूर आहेत, पौल नाही.

टप्पा ३: हॉल मोजा

टेप घ्या. १० बाय १४ फुटांचा हॉल म्हणजे १४० चौरस फूट. त्यातून दिवाण, टीव्हीचं कपाट आणि दारापर्यंतची वाट असे ४० ते ४५ वजा करा. सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या मोठ्या माणसाला सहा चौरस फूट लागतात. उरली सोळा माणसं. गुडघेदुखीवाल्यांसाठी भिंतीला चार खुर्च्या लावल्या की चौदा.

ही तुमची हद्द. पंधरावं माणूस आलं की 'सरका जरा' म्हणून भागवता येतं, पण सतत वीस येऊ लागले तर बेडरूम उघडावी लागते. ती एकदा उघडली की घर संपलं.

बेडरूमला कुलूप नको, नियम हवा. सभेच्या वेळी तिथे फक्त घरची माणसं आणि अंगावरचं बाळ असलेली आई. थकलेल्या मुलाला, डोकं दुखणाऱ्या सासूबाईंना जायला एक बंद दार शिल्लक पाहिजे. वन रूम किचन असेल तर तेही जमत नाही. अशा घरांनी दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा सभा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

*तपासा:* पाणी किती वाजता जातं? एका टॉयलेटवर चौदा माणसं आहेत. ड्रम आणि बादली आधी भरलेली हवी.

टप्पा ४: पाळक, घरमालक, सोसायटी, शेजारी

याच क्रमाने जा.

चर्चच्या पाळकांना आधी, कारण ते बाहेरून ऐकतात तेव्हा तुमची सभा त्यांना वेगळी चूल वाटते. त्यांना तीन गोष्टी विचारून घ्या. प्रभुभोज (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घरी चालेल का, आणि कुणाच्या हातून? मुख्य मंडळ्यांत तो दीक्षित पाळकांनीच द्यायचा असतो. दुसरं, लग्न. घरात चार भावांनी (सभेतल्या पुरुषांना आम्ही भाऊ म्हणतो, बायकांना बहिणी) प्रार्थना करून लग्न लावलं तर ते कायद्याने झालं असं नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विधी करणाऱ्याला तसा अधिकार किंवा परवाना लागतो. तिसरं, मयत. घरसभेला दफनभूमी नसते. सभेत येणाऱ्या एखाद्याचं नाव कुठल्याच चर्चच्या वहीत नसेल, तर रात्री दोन वाजता त्याच्या घरच्यांचा फोन तुम्हालाच येणार आहे. तो यायच्या आधीच प्रत्येकाला विचारून ठेवा: तुमचं सभासदत्व कुठे आहे?

भाड्याच्या घरात असाल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार काढून वाचा. 'फक्त राहण्यासाठी' असं कलम बहुतेक करारांत असतं. मालकाला फोनवर सांगा आणि त्याचा होकार मेसेजवर लेखी घ्या. 'त्यांना काय कळतंय' हे फार महागात पडतं.

सोसायटीत पत्र पाठवण्याआधी सेक्रेटरींना जाऊन भेटा. चार गोष्टी सांगा: वार, वेळ, माणसं किती, स्पीकर नाही. वाक्य साधं असू द्या: 'काका, आमच्याकडे शनिवारी साडेसहा ते आठ प्रार्थना असते, बारा-चौदा जण येतात, माईक वगैरे नाही. काही त्रास झाला तर थेट मला सांगा.' परवानगी मागितल्यासारखं बोलू नका, आणि हक्क बजावल्यासारखंही बोलू नका. दाराबाहेर बोर्ड, बॅनर लावू नका. बोर्ड लागला की कमिटीच्या लेखी तुमच्या फ्लॅटचा वापर बदलतो.

आवाजाबद्दल नियम पक्के आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दहा-बारा जणांनी मनापासून गाणं म्हटलं तर खोलीत ५५ कधीच ओलांडले जातात, म्हणून खिडक्या लावा आणि ढोलकी-खंजिरीला रजा द्या. हार्मोनियम पुरते. पहिल्या सभेत एकाला खालच्या जिन्यावर उभं करून ऐकायला लावा. त्याला शब्द कळले तर आवाज जास्त आहे.

वरचे, खालचे, समोरचे अशा तिन्ही घरी स्वतः जा. आमच्याकडे आवाजाची एकही तक्रार आली नाही, चपलांची आली. चौदा माणसं म्हणजे अठ्ठावीस चपला, त्या समोरच्यांच्या दारापर्यंत पसरतात. त्यांची आजी त्यात अडखळली, तेव्हा आम्ही भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट आणून दाराच्या आत ठेवले. पावसाळ्यात छत्र्यांसाठी बादलीही आतच. गणपतीच्या दहा दिवसांत सभा दुसऱ्या घरी न्या किंवा सुट्टी घ्या. रस्ते बंद असतात, शेजाऱ्यांकडे पाहुणे असतात, पार्किंगला जागा नसते. नाताळात करंज्या-अनारशांचं ताट तिन्ही घरी जाऊ द्या, पण ते एरवीच्या शेजारधर्माचं ताट असू द्या, त्यावर धर्मप्रचाराची पत्रिका ठेवू नका.

*सावध:* शेजारच्या मुलांना त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय सभेत बसवायचं नाही, खाऊसाठी आली असली तरी. आजारी माणसासाठी प्रार्थना करा, पण बरं होण्याची हमी देऊ नका आणि गोळ्या बंद करा असं कुणाला बोलू देऊ नका. असं कुणी बोललं तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर थांबवा.

टप्पा ५: चहाचं गणित आणि भांडी

मार्था-मरीयेची गोष्ट आपल्याकडे बायकांना ऐकवतात: येशू घरी आला तेव्हा मरीया त्याचं ऐकत बसली आणि मार्था कामात अडकली. घरातले पुरुष उठून गॅसपाशी गेले असते तर मार्थेलाही बसता आलं असतं, हे कुणी पुरुषांना ऐकवत नाही. घरच्या बाईला वचन, म्हणजे बायबलवरचं बोलणं, ऐकायला मिळतं का, हीच तुमच्या व्यवस्थेची परीक्षा. वचन चालू असताना ती ओट्यापाशी असेल तर व्यवस्था चुकली.

चहा सभेच्या आधी करून मोठ्या थर्मासमध्ये भरून ठेवा. १६ कप, कपाला ९० मिली, म्हणजे साधारण दीड लिटर. एक लिटर दूध, पाऊण लिटर पाणी. उकळताना आटतं ते धरून हे बरोबर बसतं. थोडा गोड, बिनआल्याचा. मधुमेहवाल्यांचा बिनसाखरेचा वेगळ्या छोट्या थर्मासमध्ये.

खायला ग्लुकोज बिस्किट किंवा खारी, एवढंच. याची पायरी पहिल्याच दिवशी ठरवा, कारण ही पायरी चढतच जाते. एकीने समोसे आणले की पुढच्या आठवड्यात दुसरी ढोकळा आणते, तिसरी पावभाजीचा घाट घालते, आणि जिच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे ती आपली पाळी आली की 'बरं नाही' म्हणून येत नाही. आमच्याकडे अशी एक बहीण दोन महिने आली नव्हती. कारण कळलं तेव्हा फार लाज वाटली. जेवण वर्षातून तीनदा: ईस्टर, नाताळ आणि वर्षअखेर. तेव्हाही डबे सगळ्यांचे, भात आपला.

भांड्यांची यादी फळ्यावर लावा आणि तीत पहिली नावं भावांची लिहा. पहिल्या सभेला घरच्या बाईने ग्लास धुतले की पुढे कायम तीच धुणार. ही सवय नंतर मोडत नाही, मी तीन वर्षं प्रयत्न केला आहे. पाहुणे 'राहू द्या वहिनी, आम्ही करतो' म्हणतात तेव्हा 'नको नको' म्हणायचा आपला संस्कार आवरा.

टप्पा ६: सभेचा दिवस

शनिवारचं आमचं घड्याळ देते. तुम्ही आपल्या वेळेप्रमाणे सरकवा.

*दुपारी ४:* औषधं, बँकेचे कागद, मुलांच्या वह्या, दागिने बेडरूमच्या कपाटात. विश्वास नसतो म्हणून असं नाही. काही हरवलं तर चौदा जणांवर संशय घ्यावा लागू नये म्हणून.

*५:१५:* घरच्यांचं खाणं. पोहे, उपमा, काहीही, पण पोटभर. ही पायरी वगळली की मुलं साडेसातला रडतात आणि आई प्रार्थनेत कुकरच्या शिट्ट्या मोजते.

*५:४५:* चहा करून थर्मासमध्ये. गॅस बंद. आता रात्रीपर्यंत स्वयंपाकघराचा दिवा लावायचा नाही.

*६:०५:* सतरंज्या, खुर्च्या, क्रेट. सोसायटीत मायगेट (गेटवर पाहुण्यांची नोंद ठेवणारं ॲप) असेल तर येणाऱ्यांची नावं आधीच टाकून ठेवा, नाहीतर गाण्याच्या प्रत्येक कडव्याला फोन वाजतो. दार नुसतं लोटून ठेवा, बेल बंद.

*६:१५:* नवरा-बायको पाच मिनिटं एकटे. भांडण झालेलं असेल तर मिटवा. मिटत नसेल तर आज सभा चालवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा. तोंडावर हसू आणून चालवू नका. मुलं सगळं बघत असतात, आणि ती नेमका हाच प्रसंग लक्षात ठेवतात.

*६:३०:* सुरू. तीन माणसं असली तरी. उशिरा येणाऱ्यांची वाट बघितली की वेळेवर येणारेही पुढच्या वेळी उशिरा येतात.

*६:३० ते ७:४५:* गाणी १५ मिनिटं, वाचन आणि वचन ३०, प्रार्थना २५, निरोप ५. सगळ्यात लांबते ती प्रार्थना. सोळा जणांनी दोन-दोन मिनिटं घेतली तरी अर्धा तास जातो, म्हणून तिघा-चौघांचे गट करा.

*७:४५:* चहा.

*८:०५:* उठा. 'निघा आता' हे घरच्यांनी म्हणू नये, ते तोंडातून निघतच नाही. हे काम दुसऱ्या एका माणसाला नेमून द्या, शक्यतो ज्याला कुणी टाळू शकत नाही अशा. आमच्याकडे एक निवृत्त हवालदार आहेत. ते नुसते उभे राहतात.

*८:०५ ते ८:२०:* सतरंज्या झटकून घड्या, ग्लास धुऊन पालथे, कचरा खाली, सोफा जागेवर. हे सगळं पाहुण्यांनी करायचं, आणि केल्याशिवाय जायचं नाही.

*तपासा:* साडेआठला घरातलं कुणीही हॉलमध्ये पाय पसरून बसलेलं दिसलं पाहिजे. आठवडाभर सतरंज्या कोपऱ्यात आणि फळा भिंतीला टेकून राहत असेल, तर तुम्ही घरात सभा भरवत नाही आहात, सभागृहात राहत आहात.

टप्पा ७: लेकरं

यजमानांची मुलं फुकटची नोकर होतात. चपला लाव, पाणी दे, बाळाला सांभाळ, गाणं म्हणून दाखव. प्रत्येक मुलाला एकच काम द्या, तेही त्याने निवडलेलं. बाकी त्याला बसायचं असेल तर बसू द्या, नसेल तर आत जाऊ द्या. 'घरचीच मुलं बसत नाहीत' हे टोमणे तुम्ही झेला, त्यांच्यापर्यंत पोचू देऊ नका.

वचन सांगताना घरच्यांचे दाखले देऊ नका. माझ्या नवऱ्याने एकदा क्षमेवर बोलताना मुलाने पैसे उचलल्याची गोष्ट सांगितली, शेवट गोड करून. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मुलगा त्या दिवसापासून आठ महिने सभेत बसला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

लहान मुलांना वेगळं बसवायचं असेल तर दोन मोठी माणसं, दार उघडं. एकटा माणूस आणि मुलं बंद खोलीत असा प्रसंग कधीच नको, माणूस कितीही जुना आणि कितीही प्रार्थना करणारा असो. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. 'आपसात मिटवू' म्हणणारा भाऊ भेटेल. त्याचं ऐकू नका.

टप्पा ८: फोन, मुक्काम आणि रात्रीची बेल

सभा आठवड्यातून दोन तासांची, पण घर उघडलं की माणसं बाकीच्या दिवशीही येतात. यातच संसार जास्त झिजतो.

फोनची वेळ सांगा: रात्री साडेनऊनंतर फक्त मयत, दवाखाना किंवा मारहाण. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. नवऱ्याने बहिणींशी आणि बायकोने भावांशी एकट्याने लांबलचक समुपदेशन करू नये. दोघं मिळून बसा किंवा तिसऱ्याला घ्या. प्रार्थनेच्या विनंत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना नाव आणि आजार दोन्ही कधीच एकत्र लिहू नका. गर्भपात, कर्ज, दारू या गोष्टी ग्रुपवर पडल्या की स्क्रीनशॉट गावापर्यंत, थेट नगर-श्रीरामपूरपर्यंत जातात.

मुक्कामाला 'हो' म्हणण्याआधी दोघांचं एकमत हवं. गावाहून दवाखान्यासाठी येणारे, नोकरी शोधायला आलेले, 'दोनच दिवस' म्हणणारे. दिवस आधी ठरवा आणि परतीचं तिकीट बघा. पाहुणचार करावा असं बायबलात, इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात, सांगितलं आहे. त्यात मुलीची खोली तीन महिन्यांसाठी द्यावी असं नाही.

काही प्रसंग तुमच्या आवाक्याबाहेरचे असतात. नवरा मारतो म्हणून रात्री आलेल्या बाईला घरात घ्या, पाणी द्या आणि १८१ किंवा ११२ ला फोन लावा. जीव द्यायच्या गोष्टी करणाऱ्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. मूल संकटात असेल तर १०९८. हे आकडे फ्रिजवर चिकटवा. प्रार्थना फोन लागत असतानाही करता येते.

टप्पा ९: पैसे

थोडक्यात सांगते. घरखर्चाच्या पाकिटात मंडळीचा एक रुपयाही नको. अर्पण घेत असाल तर दोघांनी मोजायचं, त्यातला एक घराबाहेरचा, आणि त्याच रात्री वहीत लिहून दोघांच्या सह्या. बहुतेक घरसभांना अर्पण घ्यायची गरजच नसते. ज्याने त्याने ते आपल्या चर्चला द्यावं. चहाचा डबा वेगळा ठेवा. आठवड्याला एक लिटर दूध म्हणजे महिन्याला चार लिटर, वर चहा-साखर-बिस्किटं. हे सगळं वर्षानुवर्षं एकाच घराने भरलं की कधीतरी ते बोलण्यात येतं, आणि येतं ते भांडणात. परदेशातून कुणी धर्मकार्यासाठी पैसे पाठवतो म्हणाला तर नाही म्हणा. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसताना ते घेता येत नाहीत.

टप्पा १०: बाराव्या सभेनंतर

ठरवलेली तारीख आली की थांबा. 'छान चाललंय, कशाला थांबायचं' असं सगळे म्हणतील. तरीही दोन आठवडे सुट्टी घ्या आणि टप्पा एकचे चारही प्रश्न घरात पुन्हा विचारा. सुट्टी नसेल तर प्रश्नांना खरी उत्तरं मिळत नाहीत.

यातलं काही दिसलं तर पुढची बारा सभांची मुदत घेऊ नका: मुलं शनिवारी घराबाहेर राहायची कारणं शोधतात, घरची प्रार्थना महिनाभर झालेली नाही, नवरा-बायकोत सभेशिवाय दुसरा विषय निघत नाही, कुणीतरी मुक्कामाला आहे आणि कधी जाणार हे विचारायची सोय राहिलेली नाही.

माणसं हॉलच्या हद्दीपलीकडे वाढली असतील तर मोठं घर शोधण्यापेक्षा सभा दोन घरांत वाटा. नवं घर निवडताना त्यांनाही पहिल्या टप्प्यापासून जाऊ द्या. तुमच्याकडे सगळं सुरळीत चाललंय म्हणून त्यांचे सहा आठवडे वाचत नाहीत.

बंद करायची वेळ आली तर चार आठवडे आधी, सभेत, तोंडी सांगा. मेसेजवर नको. कारण एका वाक्यात द्या: 'घराला विश्रांती हवी आहे.' त्यापुढे कुणी खोदून विचारलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणा. गाण्याची पुस्तकं, थर्मास, क्रेट पुढच्या घरी पोचवा, फळ्यावरची भांड्यांची यादी पुसून टाका. समोरच्या आजींनाही सांगून या. आमच्या सुट्टीच्या आठवड्यात त्यांनीच येऊन विचारलं होतं, 'आज चपला नाहीत दारात, बरं आहे ना सगळं?'